कथेला गुण द्यायचे ते नेमके कशाला?

पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला मराठी शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्गात ५५ मुले आहेत. ‘हरवलेली वस्तू’ या विषयावर प्रत्येकाकडून एक काल्पनिक कथा लिहून घेतली. त्यांतील एका कथेला त्यांनी वीसपैकी सात गुण दिले आणि त्याच कथेला त्यांच्या सहकारी शिक्षकांनी सोळा दिले. कल्पनाशक्तीला गुण देता येतात का, शुद्धलेखनाचे किती गुण कापावेत आणि कथा मुलाने स्वतःच लिहिली आहे हे कसे ओळखावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. वादात सापडलेली ती कथाही त्यांनी सोबत पाठवली आहे. मी सव्वीस वर्षे पुण्यातच सहावी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवत आले आहे, त्या अनुभवातून हे उत्तर लिहीत आहे.

सात आणि सोळा यांतील अंतर पाहून आपण स्वतःला दोष देऊ नये. अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेत पॉल डिडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली महाविद्यालयात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध निरनिराळ्या व्यवसायांतील ५३ जाणत्या वाचकांकडून तपासून घेतले होते. प्रत्येकाने निबंधांची नऊ गटांत प्रतवारी करायची होती. त्यांपैकी १०१ निबंधांना कोणाकडून ना कोणाकडून नऊच्या नऊ श्रेणी मिळाल्या, आणि पाचांहून कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळालेला निबंध एकही नव्हता. या वाचकांनी लिहिलेले शेरे अभ्यासल्यावर असे दिसले की कोणी विचारांना महत्त्व देत होते, कोणी चुकांना, कोणी मांडणीला, कोणी शब्दकळेला, तर कोणी लेखनातून जाणवणाऱ्या व्यक्तिमत्त्वाला. म्हणजे ते सारे तोच कागद वाचत असले तरी प्रत्येक जण मोजत होता ती गोष्ट वेगळी होती. आपल्या शिक्षककक्षातही हेच घडले आहे. म्हणून कोणाचे गुण बरोबर हे ठरवण्याआधी आपण कशाला गुण देत आहोत, हे दोघांनी मिळून ठरवायला हवे.

एक भेद आधीच स्पष्ट करते. दहावीच्या कुमारभारतीच्या प्रश्नपत्रिकेत उपयोजित लेखनाच्या विभागात कथालेखन हा पाच गुणांचा, पर्याय असलेला प्रश्न असतो. मुद्द्यांवरून, शब्दांवरून किंवा अपूर्ण कथा देऊन ती पूर्ण करायला सांगितलेली असते. तिथे दिलेल्या मर्यादेत, दिलेल्या मुद्द्यांना धरून, शीर्षकासह नीट गोष्ट सांगता येते का, एवढेच पाहायचे असते, आणि त्याची तयारी नववीच्या अखेरीस सुरू केली तरी पुरेशी होते. आठवीतील मुलाने दोन-तीन पाने भरून लिहिलेल्या कथेला तीच मोजपट्टी लावू नये. पहिली ते आठवीसाठी २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, आणि त्यातील आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाने शिक्षकाला हा मोकळेपणा दिलेला आहे. आपण तो वापरत नाही आणि आठवीच्या वहीतही दहावीची उत्तरपत्रिका शोधत राहतो, याचे मला फार वाईट वाटते.

आता मुख्य मुद्दा. माझ्या मते कथेला गुण द्यायचे ते लिहिणाऱ्याने केलेल्या निवडींना. गोष्ट कोण सांगतो आहे, ती कुठून सुरू होते, काय सांगितले आहे आणि काय मुद्दाम सांगितलेले नाही, कोणता प्रसंग सविस्तर दाखवला आणि कोणता एका वाक्यात संपवला, शेवट कुठे केला, या त्या निवडी होत. तेरा वर्षांचे मूल त्या जाणूनबुजून करते की आपसूक, हा प्रश्न पहिल्या वाचनात दुय्यम असतो. त्या झालेल्या आहेत आणि कथेच्या उपयोगी पडल्या आहेत, हे कागदावर दिसायला हवे.

आपण पाठवलेली कथा याच दृष्टीने पाहू. निवेदक सातवीतला मुलगा आहे. त्याची आई कोथरूडच्या एका सोसायटीत चार घरी धुणीभांडी करते. परीक्षेच्या दिवसांत तो तिच्याबरोबर एका घरी जाऊन जिन्यात अभ्यासाला बसतो. त्याच दिवशी त्या घरातील काकूंचे कानातले सापडत नाही. कोणी आईवर आळ घेत नाही, कोणी काही बोलतही नाही. कथेचा शेवट असा आहे: ‘त्या दीवसापासून आई निघताना आपणहून पीशवी उलटी करून दाखवायची. काकूंनी कधी मागितलं नव्हतं.’ कानातल्याचे पुढे काय झाले, हे कथेत येत नाही. आपण समासात ‘शेवट अपूर्ण, तात्पर्य नाही’ असे लिहिले आहे.

मी ही कथा दोनदा वाचली. कानातल्याचा शोध लागला असता तर ही चोरीची गोष्ट झाली असती. तो न लागल्यामुळे ती आईची गोष्ट झाली आहे. कोणीही न मागता पिशवी उलटी करणे या एका कृतीत अपमान, भीती आणि स्वाभिमान हे तिन्ही आहे, आणि मुलाने यांतील एकही शब्द वापरलेला नाही. जिन्यात बसलेल्या मुलाला आतले अर्धेच ऐकू येते, त्यामुळे वाचकालाही अर्धेच कळते. निवेदकाची जागा इतकी नेमकी निवडणे मोठ्यांनाही सहज साधत नाही. कथेत दोष आहेतच. वारजे ते कोथरूड हा बसचा प्रवास जवळजवळ अर्धे पान व्यापतो आणि त्यातून पुढे काहीच निघत नाही. काकू सुरुवातीपासून शेवटपर्यंत कपाळाला आठ्या घालूनच वावरतात, त्यामुळे त्या व्यक्ती वाटत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पानोपानी आहेत.

माझ्या वर्गात मी वीस गुणांची विभागणी अशी करते: कथानकाला सहा, पात्रांना पाच, निवेदन आणि मांडणी यांतील निवडींना चार, भाषेला तीन आणि लेखननियमांना दोन. त्यानुसार या कथेला मी अनुक्रमे चार, तीन, चार, तीन आणि शून्य, म्हणजे चौदा गुण देईन. आपल्याच वर्गातील ज्या दुसऱ्या कथेचा आपण उल्लेख केला आहे, तिच्यात लक्ष्मी रस्त्यावर सापडलेले पाकीट मुलगा परत करतो, त्याला बक्षीस मिळते आणि प्रामाणिकपणाचे महत्त्व सांगून कथा संपते. तिची सुरुवात ‘सूर्य मावळतीला झुकला होता, पक्षी आपापल्या घरट्यांकडे परतत होते’ अशी आहे. आपण तिला पंधरा दिले आहेत. माझ्या विभागणीत तिला तीन, एक, दोन, एक आणि दोन असे नऊ मिळतील. त्या मुलाला मात्र रागावू नये. मावळता सूर्य, सापडलेले पाकीट आणि शेवटी तात्पर्य हा साचा त्याला आपणच वर्षानुवर्षे पुरवला आहे, आणि त्याने तो निर्दोष शुद्धलेखनात परत केला आहे.

नुसते आकडे ठरवून भागत नाही. प्रत्येक आकड्यामागचे वर्णन शब्दांत लिहून काढावे लागते. कथानकाचे उदाहरण देते. प्रत्येक प्रसंग आधीच्या प्रसंगातून निघत असेल आणि मधला एखादा काढल्यास कथा लंगडी पडत असेल, तर पाच किंवा सहा. साखळी आहे पण एखादा दुवा केवळ योगायोगावर टेकलेला आहे किंवा एखादा प्रसंग उपरा आहे, तर तीन किंवा चार. घटना नुसत्या ‘मग’, ‘मग’ करत एकापुढे एक येत असतील, तर एक किंवा दोन. मुलांना मी हे सांगताना त्यांच्याच कथेतील प्रत्येक ‘मग’ खोडून तिथे ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतो का, ते पाहायला लावते. जिथे बसत नाही तिथे साखळी तुटलेली आहे, हे त्यांना स्वतःलाच कळते. ‘आणि तेवढ्यात मला जाग आली’ हा शेवटही याच कसोटीवर पाहावा. स्वप्न म्हटले की गुण कापायचे, असा सरसकट नियम मी करत नाही, पण अडचणीत सापडलेल्या पात्राला सोडवता आले नाही म्हणून जाग आणली असेल, तर ती पळवाट आहे आणि तसे नोंदवावे.

ही वर्णने मुलांना लिहायला बसण्याआधी माहीत असली पाहिजेत. ती नंतर सांगणे हा अन्याय आहे. मी ती फळ्यावर लिहून देत नाही. गेल्या वर्षांतील दोन-तीन कथा नावे काढून वाचून दाखवते आणि गुण मुलांनाच द्यायला लावते. त्या चर्चेत मुलांनी वापरलेले शब्दच मी वर्णनात घेते. ‘हा माणूस पुतळ्यासारखा आहे, नुसता उभा आहे’ हे एका मुलीचे वाक्य कित्येक वर्षे माझ्या तक्त्यात पात्रचित्रणाच्या सर्वांत खालच्या पायरीवर आहे, आणि त्याहून नेमके वर्णन मला सुचलेले नाही.

कल्पनाशक्तीला वेगळा रकाना ठेवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. पूर्वी मी तो ठेवत असे. त्यात परग्रहवासी, भुते आणि बोलणारी झाडे यांनाच गुण जात राहिले आणि पिशवी उलटी करणारी आई मागे राहिली. कल्पनाशक्ती विषयाच्या विलक्षणपणावर अवलंबून नसते. घरात न घडलेली गोष्ट घडल्यासारखी दिसावी इतका तपशील मनात उभा करता येणे ही कल्पनाशक्ती, आणि ती कथानकात, पात्रांत, निवेदनात आपोआप मोजली जाते. परग्रहावरची कथाही त्याच कसोटीवर उत्तम ठरू शकते. त्या ग्रहावर पाणी कुठून आणतात हे लिहिणाऱ्याला माहीत असले, म्हणजे ती ठरते.

शुद्धलेखनाला वीसपैकी दोनच गुण का, असा आक्षेप आपले सहकारी घेतील. लेखननियम महत्त्वाचे आहेतच. पण श्रुतलेखन, निबंध आणि पत्रलेखन यांत त्यांची परीक्षा वर्षभर होतच असते, आणि कथेच्या प्रत्येक ओळीत लाल शाई दिसली की मूल पुढच्या वेळी केवळ स्वतःला अचूक लिहिता येणारे शब्दच वापरते. त्याची भाषा आक्रसते. चुकांची नोंद मी वहीच्या मागच्या पानावर वेगळी करते, त्याही सगळ्या नव्हे तर एका प्रकारच्या, उदाहरणार्थ या वेळी केवळ पहिल्या अक्षरातील इकार. या मुलाच्या ‘दीवस’ आणि ‘पीशवी’ एवढ्यावरच पुढचे दोन आठवडे काम करता येईल.

बोलीचा प्रश्न मात्र शुद्धलेखनाचा नाही, आणि इथे तपासणाऱ्याकडूनच सर्वांत जास्त चुका होतात. पुण्याच्या वर्गात आज मुळशी-मावळातील, मराठवाड्यातील, सोलापूरकडील घरांतून आलेली मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या कथेतील आजी ‘म्या न्हाई घेतलं’ असे म्हणाली तर त्या वाक्याखाली रेघ ओढण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण ती आजी तसेच बोलते. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेल्या चार लेखनविषयक नियमांतही पात्राच्या तोंडी ‘असं’, ‘केलं’ ही बोलण्यातील रूपे अनुस्वार देऊन लिहिण्याची मुभा आहे. पाहायचे ते इतकेच की बोलणारा माणूस आणि त्याची भाषा यांचा मेळ कथाभर टिकतो का. पहिल्या पानावर ‘व्हतं’ म्हणणारी आजी दुसऱ्या पानावर ‘तथापि’ म्हणू लागली, तर ते पात्रचित्रणाच्या गुणांत दिसले पाहिजे. निवेदकच बोलीत बोलत असेल तर संपूर्ण कथा बोलीत असण्यालाही माझी हरकत नसते.

कल्पित कथेतील वस्तुस्थितीच्या चुकांबद्दल आपण विचारलेले नाही, पण हा प्रश्न कधी ना कधी येणारच. काही वर्षांपूर्वी एका मुलीने पानशेतच्या पुरावर कथा लिहिली. त्यात मध्यरात्री कंदिलाच्या उजेडात आजी माडीवर चढते आणि खाली पाणी वाढत जाते. धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी सकाळी, आणि पेठांत पाणी शिरले ते दिवसा. मी गुण कापले नाहीत. ‘पूर कोणत्या वेळी आला होता हे घरात कोणाला तरी विचार’ एवढेच लिहिले. दुसऱ्या खर्ड्यात तिने प्रसंग पाणी ओसरल्यानंतरच्या रात्रीवर नेला: तोच कंदील, आणि चिखलात भांडी शोधणारी आजी. कथा पहिल्यापेक्षा कितीतरी सरस झाली. ज्ञात इतिहासाचा आधार घेतलेला असेल तर तो तपासायला लावावा. एरवी कथेने स्वतः घालून घेतलेले नियम पाळले की पुरे.

तपासण्याच्या पद्धतीबद्दलही थोडे सांगते. ५५ वह्या आणि प्रत्येकीला सहा मिनिटे धरली तर साडेपाच तास होतात. ते एका बैठकीत उरकू नयेत, कारण पंधराव्या वहीनंतर आपली नजर बदलते आणि उत्तम कथेच्या पाठोपाठ आलेली साधारण कथा विनाकारण मार खाते. मी एका वेळी बारा वह्या घेते, नाव झाकते आणि पहिले वाचन हातात पेन न घेता करते. दुसऱ्या वाचनात तक्ता समोर ठेवते. दोन कथांबाबत मन ठरत नसेल तर त्या शेजारी ठेवून, कथानक कोणाचे घट्ट आहे, पात्र कोणाचे जिवंत आहे, एवढेच विचारते. मानसमापनशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२७ सालीच तुलनात्मक निर्णयाचा सिद्धान्त मांडला होता, आणि एकट्या वस्तूला आकडा देण्यापेक्षा दोन वस्तूंतील सरस कोणती हे सांगणे आपल्याला सोपे जाते, हे कोणत्याही शिक्षकाला वह्या हाताळताना पटेल.

गुण आणि अभिप्राय एकाच दिवशी देऊ नयेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला, १९८८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यासंबंधी प्रसिद्ध आहे. ज्यांना केवळ शेरे मिळाले त्यांचे पुढचे काम सुधारले आणि त्यांची गोडीही टिकली, पण ज्यांना शेऱ्यांबरोबर गुणही मिळाले त्यांना त्या शेऱ्यांचा तसा लाभ झाला नाही. वर्गात हे आपण रोज पाहतो. वही हातात पडताच मूल आकडा पाहते, शेजाऱ्याचा आकडा विचारते आणि वही मिटते. म्हणून मी आधी फक्त अभिप्राय लिहून वह्या परत करते, आठवडाभराने दुसरा खर्डा घेते आणि गुण त्याला देते. अभिप्राय ‘छान’ किंवा ‘अधिक प्रयत्न हवेत’ असा नसावा, कारण त्यावर मुलाला काहीच करता येत नाही. या मुलासाठी मी लिहीन: ‘पिशवी उलटी करणारी आई मला अजून दिसते आहे. ती पिशवी उलटी करते तेव्हा काकू कुठे पाहतात? ते एक वाक्य लिहून बघ. बसचा प्रवास तीन ओळींत बसेल का?’ एका वेळी दोनच गोष्टी विचाराव्यात. पाच विचारल्या तर मूल एकही करत नाही.

कधी कधी कथेच्या आडून मूल स्वतःचे दुःख सांगते. मारहाण, छळ किंवा जीव द्यावासा वाटणे असे काही कथेत आले, तर तपासणी तिथेच थांबवून त्या मुलाशी एकांतात, वर्गासमोर नव्हे, शांतपणे बोलावे आणि मुख्याध्यापक व समुपदेशक यांना त्याच दिवशी सांगावे. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे, आणि लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणे आपल्यावर बंधनकारकच आहे. मात्र प्रत्येक दुःखी कथा आत्मचरित्र असते, असेही मानू नये. त्यामुळे मुले पुन्हा मावळत्या सूर्याकडे वळतात.

राहिला कथा मुलाची स्वतःची आहे का, हा प्रश्न. आता मोबाइलवर विषय सांगितला की क्षणात तीन पाने मिळतात, आणि ती ओळखणारे साधन विश्वासार्ह आहे असे समजून मुलावर आरोप करणे मला धोक्याचे वाटते. मी पहिला खर्डा वर्गातच, दोन तासिकांत, हाताने लिहून घेते आणि घरी फक्त पुनर्लेखन देते. दोन्ही खर्डे वहीत एकापाठोपाठ तारखेसह असतात. शंका आलीच तर मुलाला जवळ बसवून विचारते: कानातले कुठे गेले ते तू का नाही सांगितलेस? मुलाला जिन्यातच का बसवलेस? ज्याने लिहिले आहे तो अडखळत का होईना, उत्तर देतो. ‘मला तिथून पुढे नको वाटलं’ हेही उत्तर आहे, आणि खरे तर फार चांगले उत्तर आहे. ज्याने लिहिलेले नाही तो कथेचा सारांश सांगू लागतो.

आपल्या सहकाऱ्यांबरोबर मात्र येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास बसावे. दहा वह्या निवडाव्यात, दोघांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत, आणि ज्या कथांत चारपेक्षा जास्त गुणांचे अंतर पडेल त्यांवरच बोलावे. बोलताना कोणी आपला आकडा राखायचा नाही, कथेतील वाक्यावर बोट ठेवायचे. पहिल्या वेळी अंतर मोठे राहील, तिसऱ्या वेळेपर्यंत ते दोन-तीन गुणांवर येते, असा माझा अनुभव आहे. त्या दहा वह्यांत ही पिशवीची कथा आणि ती पाकिटाची कथा, दोन्ही असू द्याव्यात.